रात्री ई-स्कूटर, युनिसायकल, स्केटबोर्ड चालवताना कोणता लाइट घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान उभं राहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रिक वाहनांबद्दल आहे: घडी होणारी किक स्कूटर, एकचाकी युनिसायकल, इलेक्ट्रिक स्केटबोर्ड. सीटवाल्या मोठ्या स्कूटरचा इथे विचार केलेला नाही. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढे अडचणीचे येतात.

१. स्कूटरला कंपनीचा हेडलाइट आहेच. वेगळा कशाला घ्यायचा?

पथदिवे असलेल्या रस्त्यावर सावकाश चालवत असाल तर नाही घेतला तरी चालेल. पण कंपनीचा लाइट बहुतेक वेळा तुम्ही इतरांना दिसावेत एवढ्यापुरताच असतो. खात्री करायची सोपी रीत सांगतो. अंधाऱ्या, मोकळ्या जागी स्कूटर उभी करा, लाइट लावा, वीस-पंचवीस पावलांवर एक काळी चप्पल ठेवा आणि परत येऊन स्कूटरवर उभे राहून पाहा. चप्पल दिसली नाही तर तिथला खड्डाही दिसणार नाही. वीस-पंचवीसच पावलं का, ते प्रश्न ३ मध्ये.

२. ‘पाहायचा लाइट’ आणि ‘दिसायचा लाइट’ असं म्हणतात. दोन्ही लागतात का?

काळोख्या रस्त्यावर हो. पाहायच्या लाइटचा झोत रस्त्यावर पडतो, त्याला ताकद लागते. दिसायच्या लाइटला ताकद फारशी लागत नाही, पण तो सगळ्या बाजूंनी दिसावा लागतो. खरेदीतला गोंधळ इथेच होतो: समोर जबरदस्त झोत असतो, आणि मागे नखाएवढा लाल ठिपका, तोही जॅकेटखाली झाकलेला. पैसे मोजकेच असतील तर आधी मागचा लाइट नीट घ्या आणि वेग कमी ठेवा. समोरचं कमी दिसत असेल तर वेग कमी करणं आपल्या हातात असतं, मागून येणाऱ्याला आपण दिसत नसू तर आपल्या हातात काहीच नसतं.

३. नेमकं किती लांबचं दिसायला हवं?

तुम्ही जेवढ्या अंतरात थांबू शकता, किमान तेवढं. हिशोब करून पाहू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. अडथळा दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर १० मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेकने थांबायला आणखी ७, एकूण १७ मीटर, म्हणजे प्रश्न १ मधली वीस-पंचवीस पावलं. ताशी ४० ला हाच आकडा ३४ मीटरवर जातो, कारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ब्रेकचं अंतर वाढतं. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड निम्मी झाली तर २५ च्या वेगालाही २४ मीटर लागतात.

उभं राहून चालवायच्या वाहनांत आणखी एक भानगड आहे. चाकांमधलं अंतर कमी आणि शरीराचा भार उंचावर, त्यामुळे करकचून ब्रेक मारला तर थांबण्याआधी माणूसच पुढे जातो. म्हणून वरच्या आकड्यांवर थोडी भर धरूनच लाइट निवडा.

४. मग किती ल्युमेनचा घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरं तर तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर विचारायला हवा. तरी अंदाज हवाच असेल तर (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप, प्रश्न ५ पाहा): पथदिव्यांखाली २०० ते ४०० खरे ल्युमेन पुरतात. पूर्ण काळोखात ताशी २५ पर्यंत ५०० ते ८०० पुरतात, तेही झोत नीट असेल तर. ४० च्या आसपास जायचं असेल तर हजार आणि पुढे. ‘खरे’ या शब्दावर जोर आहे, प्रश्न ६ पाहा.

ल्युमेन दुप्पट केले म्हणजे दुप्पट उजेड दिसतो असंही नाही, आपल्या डोळ्याला वाढ त्याहून कितीतरी कमी जाणवते. म्हणून ८०० वरून १००० वर जाण्यासाठी पैसे घालवू नका. त्यापेक्षा ते चांगल्या क्लॅम्पवर घाला.

५. ल्युमेन, कँडेला, लक्स यांतलं पाहायचं काय?

ल्युमेन म्हणजे लाइटमधून चहूकडे मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटला आहे ते. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडलेला उजेड. अंतर दुप्पट झालं की लक्स चौथाईवर येतात.

१०,००० कँडेलाचा लाइट घ्या. २० मीटरवर उभ्या धरलेल्या पुठ्ठ्यावर तो २५ लक्स देतो. छान वाटतं. पण रस्ता उभा नसतो, आडवा असतो. लाइट जमिनीपासून १ मीटरवर असेल तर २० मीटरवर प्रकाश रस्त्याला जेमतेम घासून जातो आणि तिथे पडतात साधारण सव्वा लक्स. तोच लाइट डेकपाशी (पाय ठेवायच्या फळीपाशी), ३० सेंटिमीटरवर लावला तर आणखी एक तृतीयांशाच्या खाली. पुठ्ठ्यावर झगझगीत वाटणारा लाइट रस्त्यावर फिका का पडतो, आणि लाइटची उंची एवढी महत्त्वाची का, त्याचं उत्तर याच हिशोबात आहे.

६. खोक्यावर १०,००० ल्युमेन लिहिलंय. खरं मानायचं का?

बॅटरीकडे पाहा. वीज जेवढी आत आहे त्याहून जास्त उजेड बाहेर येत नाही. १८६५० आकाराचा (१८ मिलिमीटर जाडीचा, ६५ लांबीचा) एक चांगला सेल ३५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपासचा असतो, म्हणजे सुमारे साडेबारा वॉट-तास. सगळी गळती धरून एका वॉटला १०० ल्युमेन मिळाले असं माना: १००० ल्युमेनला १० वॉट लागतात, सेल सव्वा तासात संपतो. एका सेलवर ‘२००० ल्युमेन, ८ तास’ असं लिहिलं असेल तर दोन्हीपैकी एक तरी थाप आहे. ज्या १८६५० सेलवर ‘९९००’ छापलंय तो तर हातातही घेऊ नका.

आन्सी एफएल१ हे चाचणीचं प्रमाण लिहिलेलं असेल तर आकडे पुष्कळ विश्वासाचे. तरी ते वाचायचे कसे हे माहीत हवं. त्यात ‘झोताचं अंतर’ म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढं. त्या उजेडात खड्डा चुकवता येत नाही. वरचाच १०,००० कँडेलाचा लाइट या मापाने ‘२०० मीटर’चा ठरतो. ‘चालू राहण्याचा वेळ’सुद्धा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा मोजलेला असतो.

७. गोल झोत घ्यावा की वरून कापलेला?

रस्त्यावर चालवणार असाल तर वरून कापलेला. याचा झोत कारच्या डिपरसारखा असतो: वरची कडा सरळ रेषेत तुटलेली, सगळा प्रकाश खाली रस्त्यावर. जर्मनीच्या वाहन नियमांनुसार, म्हणजे एसटीव्हीझेडओनुसार, बनवलेले सायकलचे लाइट असेच असतात आणि किक स्कूटरच्या हँडलवर ते व्यवस्थित बसतात. ल्युमेन कमी छापलेले असतात म्हणून लोक त्यांच्याकडे पाठ फिरवतात. माझ्या मते अशा लाइटचे ४०० ल्युमेन गोल झोताच्या ८०० ना भारी पडतात, कारण झाडांच्या शेंड्यांवर काहीच वाया जात नाही.

गोल झोत कच्च्या वाटेवर, फांद्यांखालून जाताना उपयोगी. तिथे डोक्याच्या उंचीचंही दिसायला हवं असतं.

८. लाइट बसवायचा कुठे? हँडल, डेक की हेल्मेट?

मुख्य लाइट हँडलवर किंवा त्याच्या खाली स्टेमवर, म्हणजे उभ्या दांड्यावर. उंचीमुळे झोत लांब पोचतो, आणि डोळ्यांच्या खाली असल्यामुळे खड्ड्यांच्या सावल्याही पडतात. खड्डा आपल्याला दिसतो तो मुळात त्याच्या सावलीमुळे. हेल्मेटवरचा लाइट डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, तो टाकतो त्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि रस्ता सपाट भासतो. म्हणून एकटा हेल्मेट लाइट नको. वळणावर मान फिरवाल तिकडे उजेड हवा असतो तेव्हा मात्र तो जोडीला उत्तम.

डेकवरचा खालचा लाइट याच्या उलट करतो. बारीकशा खडीचीही हातभर सावली पाडतो. खडबडीतपणा छान कळतो, पण प्रत्येक खड्याला घाबरून ब्रेक लागतो, आणि लांबचं दिसत नाही (प्रश्न ५).

घडीच्या स्कूटरवर बसवण्याआधी एकदा स्कूटर मिटून पाहा. क्लॅम्प अडतो का, वायर बिजागरात चिमटते का, हे लाइट कसल्यावर कळून उपयोग नाही. लहान, टणक चाकांची थरथर क्लॅम्प हळूहळू सैल करते, त्यामुळे रबरी पट्टीबरोबर एक बारीक दोरीही गुंतवून ठेवा.

९. झोत किती खाली झुकवायचा?

भिंतीपासून ५ मीटरवर वाहन उभं करा आणि तुम्ही त्यावर उभे राहा. वजनाने टायर आणि सस्पेन्शन दबतात, म्हणून रिकाम्या वाहनावर मोजू नका. लाइट जमिनीपासून १ मीटर उंच असेल तर कापलेल्या झोताची वरची कडा भिंतीवर ८० सेंटिमीटरवर यायला हवी. म्हणजे ती कडा रस्त्याला २५ मीटरवर टेकते. उंची वेगळी असेल तर तिचा पाचवा हिस्सा वजा करा. गोल झोताचा सगळ्यात उजळ गाभा रस्त्यावर १० ते १५ मीटरवर पडू द्या.

१०. युनिसायकल चालवतो. ब्रेक मारला की समोरचे लोक शिव्या घालतात. का?

कारण युनिसायकल स्वतःच झुकते. वेग वाढवताना पुढे कलते आणि झोत पायाशी येतो. ब्रेक मारताना मागे कलते आणि तोच झोत वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चाकात बसवलेल्या कोणत्याही लाइटला हे चुकत नाही, कापलेल्या झोतालासुद्धा. उपाय म्हणजे चाकावरचा लाइट मध्यम ठेवा, थोडा जास्तच खाली झुकवा, आणि लांबचं पाहायचं काम छातीच्या पट्ट्यावर किंवा हेल्मेटवर लावलेल्या लाइटकडे द्या. छातीवरचा मला जास्त पटतो: तो डोळ्यांच्या खाली राहतो, म्हणून सावल्या मिळतात.

मागचा लाइटही चाकावर एकटा ठेवू नका. पोटऱ्या आणि सैल पँट त्याला बाजूंनी झाकतात.

११. स्केटबोर्डला तर हँडलच नाही. मग?

बोर्डच्या पुढे-मागे ट्रकवर (चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडणीवर) छोटे लाइट, आणि पाहण्यासाठी हेल्मेट किंवा छाती. बोर्डाखालचा लाइट लवचीक डेकबरोबर वरखाली नाचतो, त्याच्या भरवशावर वेग धरू नका. स्केटबोर्डला लहानसा दगडही पाडतो, तेव्हा इथे खालून पडणाऱ्या सावल्या (प्रश्न ८) खरोखरच कामी येतात. दोन्ही दिशांना धावणारा बोर्ड असेल तर दिशा बदलल्यावर पांढरा आणि लाल रंग आपोआप बदलतात का ते पाहा. बदलत नसतील तर उलटं चालवताना तुम्ही लाल लाइट पुढे दाखवत असता. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात नेमकं हेच मना आहे.

१२. मागचा लाइट कसा असावा?

दोन असावेत. एक वाहनावर, एक अंगावर: हेल्मेटच्या मागे किंवा पाठीवरच्या बॅगेवर. वाहनावरचा जमिनीपासून वीतभर उंच असतो, कारच्या मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही. अंगावरचा डोळ्यांच्या रेषेत येतो. शिवाय एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि मागचा लाइट बंद पडल्याचं चालवणाऱ्याला कधीच कळत नाही.

ब्रेक लावल्यावर उजळणारा घेतलात तर छानच. किक स्कूटरमध्ये तो ब्रेकच्या दांड्यातल्या स्विचवर चालतो. वेगळे मिळणारे लाइट वेग कमी झाल्याचं आतल्या सेन्सरने ओळखतात, आणि खडबडीत रस्त्यावर उगाचच पेटतात. त्याचा त्रास नाही, फक्त त्यावर फार विसंबू नका.

१३. ब्लिंक मोड ठेवू का?

दिवसा हो, रात्री समोर नको. लुकलुकणारा लाइट लक्ष लगेच वेधतो, पण काळोखात तो किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय याचा अंदाज लागत नाही. तुम्हाला स्वतःलाही रस्ता तुकड्या-तुकड्यांत दिसतो. मागे दोन लाइट असतील तर एक स्थिर आणि एक मंद लयीत कमी-जास्त होणारा, ही जोडी चांगली. काही देशांत लुकलुकणाऱ्या लाइटला परवानगी आहे, काही ठिकाणी अजिबात नाही. आपापल्या भागाचा नियम आधी पाहून घ्या.

१४. डेकखाली रंगीत एलईडी पट्टी लावली तर चालेल?

नुसती हौस समजू नका, बाजूने दिसण्यासाठी तिचा खरंच उपयोग होतो. पुढचा-मागचा लाइट चौकात आडव्या येणाऱ्याला दिसतच नाही. पट्टीने जमिनीवर पडलेला उजेडाचा गोल दिसतो. रंग मात्र पिवळट नारिंगी किंवा पांढरा, आणि तोही मंद ठेवा. लाल-निळा लुकलुकता अजिबात नको, बऱ्याच ठिकाणी तो पोलिसांचा रंग आहे.

याच कामाला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे घोट्याला बांधायची चकाकती पट्टी. हलणारे पाय दिसले की ‘हा माणूस आहे’ हे चालकाला अंगातल्या स्थिर जॅकेटपेक्षा लवकर कळतं. उभं राहून चालवायच्या वाहनावर पाय सायकलसारखे फिरत नाहीत, त्यामुळे मनगटांनाही बांधा. हात सतत हलत असतात. एक लक्षात घ्या, चकाकती पट्टी प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. ज्याचे हेडलाइट तुमच्यावर पडलेलेच नाहीत त्याला ती दिसणार नाही.

१५. पांढरा शुभ्र लाइट चांगला की पिवळसर?

४००० ते ५००० केल्विनचा घ्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका लाइट निळसर). ६५०० चा निळसर लाइट जास्त उजळ भासतो, पण थेंबांवरून उलटणारा त्याचा प्रकाश डोळ्यांना जास्त चावतो. माती, डांबर, वाळलेली पानं यांतला फरकही त्यात पुसट होतो.

धुक्यात रंगापेक्षा जागा महत्त्वाची. डोक्यावरचा लाइट बंद करा, नाहीतर समोर पांढरा पडदा उभा राहतो. खालचा लाइट ठेवा, वेग उतरवा. पावसात ओला रस्ता आरशासारखा होतो आणि तुमचा प्रकाश पुढेच निघून जातो, परत डोळ्यांकडे येत नाही. लाइट बिघडल्यासारखं वाटतं, पण तो ठीक असतो.

१६. रात्री पिवळ्या काचांचा चष्मा वापरू का?

नको. कुठलीही रंगीत काच प्रकाश कमीच करते. त्याऐवजी व्हायजर पुसा. त्यावरचे ओरखडे समोरच्या हेडलाइटमध्ये चांदण्यासारखे पसरतात.

१७. लाइट स्कूटरच्या बॅटरीवर जोडू की स्वतंत्र ठेवू?

रेंजची चिंता सोडा. १० वॉटचा लाइट तासाला १० वॉट-तास घेतो. किक स्कूटर एका किलोमीटरला साधारण १२ ते १५ वॉट-तास खाते. म्हणजे तासभर लाइट लावून तुमचा एक किलोमीटरही जात नाही.

खरा धोका जोडणीत आहे. ‘३६ व्होल्ट’ची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट देते, ‘४८’ची ५४.६ आणि ‘७२’ची ८४. मध्ये लावायचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज लाइटला लागेल तेवढा उतरवणारा) या वरच्या आकड्याहून बराच जास्त सोसणारा हवा. बॅटरीच्या जवळ फ्यूज लावा. कंपनीच्या हेडलाइटची वायर कापून तिथे दणकट लाइट जोडू नका. ती वायर कंट्रोलरमधून (मोटार चालवणाऱ्या सर्किटमधून) येते, तिची झेप लहान असते, आणि जास्त करंट ओढला तर लाइटबरोबर कंट्रोलरही जातो. वॉरंटीही बहुधा संपते.

जोडला तरी एक स्वतंत्र लाइट अंगावर असू द्या. बॅटरीने अचानक वीज तोडली की मोटार आणि लाइट एकाच क्षणी बंद होतात, तेही चालू वेगात.

१८. लाइट पाच मिनिटांत मंद होतो. बदलून घेऊ?

आधी चालवून पाहा. मोठे लाइट तापले की स्वतःला वाचवायला उजेड आपणच उतरवतात. टेबलावर ठेवून तपासलात तर लवकर उतरेल, वारा लागला की टिकेल. चालवतानाही सारखा उतरत असेल तर आवरण लहान आहे आणि दावा मोठा. मग प्रश्न ६ मधला हिशोब करा. कडाक्याच्या थंडीत लिथियम सेल कमी वीज देतो, तो दोष नव्हे.

१९. आयपीएक्स४ पुरतं का?

हा पाणी अडवण्याचा दर्जा आहे. पावसात चालवायला हो, ते सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्यासाठीच आहे. चाकाजवळच्या लाइटला मात्र आयपीएक्स७ बघा, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. तिथे लाइट डबक्यात बुडू शकतो. दर्जा कितीही असो, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडं राहिलं तर त्याला अर्थ नाही.

२०. समोरून येणारा डोळे दिपवतो तेव्हा मी काय करू? आपणही वर मारावं का?

मारू नका, मग दोघंही आंधळे. नजर रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेवर न्या, वेग सोडा, झोताच्या मध्याकडे पाहू नका. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, त्यामुळे तो निघून गेल्यावरही काही क्षण समोरचं नीट दिसत नाही. लगेच वेग धरू नका. तुमच्या लाइटला उजेड उतरवायचं बटण हँडलवरच, हातमोजा घालूनही सापडेल असं असेल, तर समोरच्यासाठी तुम्ही आधी उतरवा. बऱ्याचदा तोही उतरवतो. ज्या लाइटमध्ये उतरवण्यासाठी चार मोड पार करावे लागतात आणि मध्येच ब्लिंक लागतो, तो कितीही चांगला असला तरी घेऊ नका.